भाताचा कोंडा, मार्केटचा पाला, डाळ मिलची चुनी : सशांच्या खुराकाचा खर्च खरंच किती कमी होतो?

वाडा_कोलम
नमस्कार मंडळी. मी कांदिवलीला राहतो, गाव वाडा. तिथं भाऊ आणि वहिनी शेती बघतात आणि आता भाताला जोड म्हणून ससेपालन सुरू करतोय. २० माद्या, ४ नर, न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला अशा दोन जाती. पिंजरे झाले, पाण्याची निपल लाईन (ससा तोंड लावून पाणी पितो त्या तोट्या) झाली पण खुराकाचं गणित बसत नाहीये, तयार गोळी खाद्य आणलं तर हातात काही उरतच नाही. म्हणून विचार असा आहे की घरचा भाताचा कोंडा आणि पेंढा आहेच, मी दर शनिवारी गाडी घेऊन गावी जातो तर वाशी मार्केटमधून फ्लॉवर कोबीचा पाला, मटाराची टरफलं उचलता येतील, आमच्या इथला बेकरीवाला शिळे पाव द्यायला तयार आहे आणि रसवंतीवाला उसाची चिपाडं देतो म्हणालाय. एवढ्यावर ससे वाढतील का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, भाऊ पण धागा वाचणार आहे.

नाना_पालघर
दादा पहिलं काम म्हणजे बेकरीवाल्याला नाही सांगा. पाव म्हणजे नुसता मैदा, सशाच्या पोटात स्टार्च जास्त गेला की पातळ हगवण लागते आणि पिल्लं तर एका रात्रीत जातात. बाकी तुमची यादी वाईट नाही पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक म्हणजे पोट भरणारा चारा आणि दुसरी अंगाला लागणारा खुराक. पेंढा, चिपाडं, पाला यांनी पोट भरेल, पण पाजत्या मादीला त्यावर दूध येणार नाही. वाढत्या पिल्लांना आणि पाजत्या माद्यांना १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात, नुसत्या बसून असलेल्या नराला १२-१४ वर भागतं. भाताच्या पेंढ्यात ३-४ टक्केच प्रथिनं असतात, वर सिलिका भरपूर. पेंढा पिल्लांच्या पेटीत अंथरायला वापरा, त्यातला थोडा ते कुरतडतील तेवढा पुरे.

आणि एक प्रश्न, तुमचा कोंडा कुठल्या मिलचा? जुन्या हलरचा की शेलरचा? उत्तर आल्यावर पुढचं लिहितो कारण सगळं त्यावर आहे.

वाडा_कोलम
नाना, गावातली छोटी गिरणी आहे, जुनी. भात एका बाजूनं टाकतात आणि तांदूळ दुसरीकडून निघतो, कोंडा खाली पडतो. भाऊ म्हणतो हलरच आहे.

नाना_पालघर
वाटलंच मला. हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्र भरडून निघतो. दिसायला कोंडा, पण त्यात अर्ध्याहून जास्त तूसच असतं, आणि तुसात अंगाला लागण्यासारखं काही नाही. शेलरच्या मिलमध्ये तूस आधी वेगळं होतं आणि नंतर पॉलिशिंगला निघतो तो खरा कोंडा, त्यात १२-१३ टक्के प्रथिनं आणि १५ टक्क्यांच्या आसपास तेल. हाताला तेलकट लागतो, मूठ आवळली की गोळा होतो. हलरचा कोंडा तसाच भुरभुरत राहतो. कर्जत, मुरबाड, वाडा या पट्ट्यात मोठ्या राइस मिल आहेत, तिथं शेलरचा कोंडा विचारा.

पण खऱ्या कोंड्याचीही एक खोड आहे. त्यातलं तेल खवट व्हायला मिलमधून बाहेर पडल्यापासूनच सुरुवात होते, पावसाळ्याच्या दमट हवेत तर दोन-चार दिवसांत वास मारतो. ससा खवट कोंड्याला तोंड लावत नाही. आणल्या दिवशीच मोठ्या कढईत मंद आचेवर भाजून घेतला तर टिकतो. नाहीतर सरळ तेल काढलेला कोंडा घ्यायचा, पशुखाद्यवाले त्याला डीओआरबी म्हणतात. तो खवट होत नाही, प्रथिनं १४-१५ पर्यंत मिळतात.

सुलभा_बदलापूर
आमच्याकडे छोटं युनिट आहे, मी घरातलंच बघते सगळं. वाडा_कोलम दादा तुम्ही पाला फुकट म्हणताय तो फुकट नसतो हो. फ्लॉवरच्या पाल्यात दहा किलोला नऊ किलो पाणीच असतं. समजा टेम्पो, हमाली, पेट्रोल धरून तो पाला तुम्हाला किलोला ३ रुपये पडला, तर एक किलो कोरड्या चाऱ्यासाठी तुम्ही ३० रुपये दिले. गव्हाचा कोंडा समजा २५ रुपयाने मिळाला तर त्यात नव्वद टक्के कोरडं असतं म्हणजे कोरडा किलो २८ रुपयांच्या आत पडला, आणि तो पोत्यात ठेवता येतो, पाला तर दुसऱ्या दिवशी सडतो. मी वहीत प्रत्येक गोष्टीपुढे दोन रकाने ठेवलेत, एकात कोरड्या किलोचा भाव आणि दुसऱ्यात त्यातली प्रथिनं किती. हे दोन रकाने भरले की स्वस्त काय आणि महाग काय आपोआप दिसतं. भाव तुमच्या बाजाराचे टाका, माझे नको.

पाला वाईट असं नाही म्हणत मी. वाटेतच मिळत असेल, गाडी तशीही जात असेल तर आणा. पण त्यासाठी म्हणून वेगळी फेरी मारू नका.

विदर्भाचा_मुंबईकर
सुलभाताईंचं १००% बरोबर. मी मूळ अकोल्याचा, आता घाटकोपरला. डाळ मिलचा माल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो, माझ्या मते सशासाठी आपल्या राज्यातला सगळ्यात चांगला उरलासुरला माल हाच आहे. तूर भरडताना जी चुनी निघते त्यात टरफल पण असतं आणि डाळीचे कणही असतात, म्हणजे तंतू आणि प्रथिनं दोन्ही एकाच पोत्यात. हरभऱ्याची चुनी, मुगाची चुनी पण चालते. अकोला, जळगाव, लातूर इकडे डाळ मिल ढिगाने आहेत, तुम्हाला तिकडून आणायची गरज नाही, मुंबईच्या आसपास जिथं जिथं तबेल्यांना खुराक विकणारी दुकानं आहेत तिथं चुनी मिळतेच, गोरेगाव जोगेश्वरी भागात विचारा. फक्त पोतं उघडून बघायचं, काही जण नुसतं टरफल चुनी म्हणून देतात. पाण्यात मूठभर टाका, टरफल वर तरंगतं, डाळीचा कण खाली बसतो, लगेच कळतं.

सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेलं भुसकट) आणि तुरीचं कुटार पण सशाला देता येतं, पेंढ्यापेक्षा कितीतरी बरं. कच्चं सोयाबीन मात्र देऊ नका कोणी सांगितलं तरी, त्यातल्या ट्रिप्सिन इनहिबिटरमुळे प्रथिनं पचत नाहीत. सोया पेंडीत प्रक्रियेतली उष्णता लागलेली असते म्हणून ती चालते.

मानसी_दादर
मी पाळते घरी, शेती वगैरे नाही, एकच ससा आहे दादरच्या फ्लॅटमध्ये :) पण हा धागा फार आवडला. मला विचारायचंय की सगळे जण फायबर फायबर का म्हणतात? आम्हाला पण व्हेट म्हणाले की वाळलेलं गवत सतत समोर हवं, गाजर कमी करा. ससा म्हणजे गाजर असंच वाटत होतं इतकी वर्षं.

पशुवैद्य_ठाणे
मानसी, तुमच्या व्हेटनी अगदी योग्य सांगितलंय. शेतावरच्या सशालाही तेच लागू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सशाचं पोट गाईसारखं नाही. गाय चारा पुढच्या पोटात आंबवते, ससा मागच्या टोकाला आंबवतो. लहान आतडं संपतं तिथं सीकम नावाची मोठी पिशवी असते, त्यात जंतू काम करतात. खाल्लेलं अन्न मोठ्या आतड्यात आलं की तिथं त्याची वाटणी होते. जाड, लांब तंतू झटपट पुढे जाऊन कडक गोल लेंड्या बनतात आणि बारीक कण व द्रव उलटे सीकममध्ये ढकलले जातात. तिथं ते आंबून त्याच्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या होतात आणि त्या ससा थेट गुदद्वारापाशी तोंड लावून खातो, बहुतेक रात्री किंवा पहाटे. त्यातून त्याला जंतूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. नवीन माणसाला हे बघून घाण वाटतं, पण ते थांबवायचं नाही आणि जाळीच्या पिंजऱ्यानंही ते थांबत नाही.

आता यातला मुद्दा असा की हे सगळं यंत्र चालू ठेवायला लांब तंतू लागतो. आहारात १४ ते १६ टक्के क्रूड फायबर असावा असं आम्ही सांगतो. पण तोच तंतू दळून पीठ केला तर कागदावर टक्के तेवढेच राहतात आणि आतड्याला चालना मात्र मिळत नाही, कारण बारीक कण सगळे सीकमकडे वळतात. म्हणून चुनी, कोंडा, पेंड यांचं मिश्रण कितीही उत्तम केलं तरी सोबत वाळलेलं गवत, तुरीचं भुसकट, शेंगदाण्याचा वाळलेला पाला असं काही तरी चावायला लागणारं रोज हवंच. दातही आयुष्यभर वाढत असतात, ते त्यानंच झिजतात. आणि सशाला ओकता येत नाही, जे आत गेलं ते पुढेच जाणार. त्यामुळे खुराक बदलताना ७ ते १० दिवस घ्या, जुन्यात नवीन थोडं थोडं वाढवत.

तुमच्या यादीतल्या उसाच्या चिपाडाबद्दल सांगतो. तंतू आहे पण फार लाकडासारखा, प्रथिनं नावालाच. वर त्यात रस उरलेला असतो, मुंबईच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबट वास येतो. कडक वाळवून कुरतडायला एखादं कांडं चालेल, चारा म्हणून नाही.

वाडा_कोलम
डॉक्टर खूप खूप धन्यवाद, हे असं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. एक शंका, आमच्या गावात म्हशींसाठी गोळी पेंड येते ती सशाला दिली तर? आणि शेजारी पोल्ट्री आहे, त्यांचं फीड उरतं.

पशुवैद्य_ठाणे
दोन्ही नको. गुरांच्या काही गोळी खाद्यात युरिया असतो. गाय-म्हैस पुढच्या पोटात त्याची प्रथिनं बनवते, सशाला त्याचा उपयोग होत नाही आणि उलट विषबाधा होऊ शकते. पोल्ट्री फीडचा धोका त्याहून मोठा आहे. कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस (आतड्याचा आजार) होऊ नये म्हणून त्यात बरेचदा सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिनसारखं औषध घातलेलं असतं, सशाला ते विषारी आहे. शिवाय त्यात तंतू अगदी कमी. शेजाऱ्यानं प्रेमानं दिलं तरी परत करा.

सरकी पेंडही टाळा, तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हशीला चालतं, सशाला नाही.

नाना_पालघर
डॉक्टरांनी लिहिलंय त्याला जोडून शेंगदाणा पेंडीचं सांगतो कारण इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. पेंड फार चांगली, ४० ते ४५ टक्के प्रथिनं, थोडी घातली की मिश्रण वर येतं. पण बुरशी लागलेली पेंड म्हणजे अफ्लाटॉक्सिन, आणि ससा त्याला फारच नाजूक. आमच्या भागात एकाकडे दुकानातून आलेल्या जुन्या पेंडीनं बरेच ससे गेले, आधी खाणं सोडलं मग सुस्त पडले. पेंड उन्हात वाळवली की बुरशी मरते पण तिनं सोडलेलं विष तसंच राहतं, शिजवूनही जात नाही. त्यामुळे वास आला, गोळे झाले, हिरवट-काळसर ठिपके दिसले की शेतात खत म्हणून टाका, दुसरा विचार नको. पावसाळ्यात मी पेंड एका वेळी जेमतेम आठवड्यापुरतीच आणतो, पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून लांब.

एक सोपी तपासणी सांगतो मका वगैरे धान्यासाठी. कोरडी काचेची बाटली, त्यात धान्य आणि थोडं कोरडं मीठ, झाकण लावून चांगलं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं आहे, साठवू नका.

सुलभा_बदलापूर
प्रत्यक्ष मिश्रण लिहिते, आमच्याकडे हेच चालतं, शंभर किलोचं. मक्याचा भरडा २०, गव्हाचा कोंडा ३०, तूर चुनी २०, शेंगदाणा पेंड १५, डीओआरबी १२, मिनरल मिक्श्चर २ आणि मीठ १. प्रथिनं साधारण १७ टक्के पडतात. मका भरडच ठेवायचा, पीठ नाही. मिश्रण कोरडं दिलं तर धूळ उडते, ससे शिंकतात, म्हणून देताना पाण्याचा हबका मारून दमट करायचं, पण तेवढंच करायचं जेवढं तासाभरात संपेल, नाहीतर आंबतं. ज्यांच्याकडे छोटं गोळी मशीन आहे ते ३-४ टक्के उसाची मळी (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक) घालून गोळ्या पाडतात, मळीनं गोळी फुटत नाही आणि चवही येते.

मोठ्या सशाला हे मिश्रण रोज १०० ग्रॅमच्या आसपास, आणि वाळकं गवत हवं तेवढं. पाजत्या मादीला हात आखडू नका, ती दुप्पट तिप्पट खाते आणि तिला मिळालं पाहिजे. चार किलोचा ससा सगळं मिळून दीडशे ग्रॅम कोरडं खातो असं धरा, आणि पाणी त्याच्या दुप्पट तरी. पाणी बंद झालं की खाणं पण बंद होतं, निपल तुंबलंय का हे रोज बोटानं दाबून बघायला सांगा वहिनींना.

कर्जतकर
हिरव्याचं माझ्याकडून. कोबी कमी द्या, पोट फुगतं. फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या चालतात पण मार्केटच्या मालावर फवारणी असते तर दोन पाण्यातून धुवा आणि सावलीत पसरून सुकवा, ओला गरम झालेला ढीग कधीच टाकू नका. थंडीत मटाराची टरफलं जरूर आणा दादा, ससे तुटून पडतात. पावसाळ्यात मक्याच्या कणसाची हिरवी आवरणं, मुंबईत प्रत्येक भुट्टेवाल्याकडे त्याचा ढीग असतो आणि तो फेकूनच देतो, लांब तंतू आहे, स्वच्छ आहे, मला तर हे पाल्यापेक्षा जास्त आवडतं. बटाट्याचा पाला, टोमॅटोचा पाला, कांदा-लसणाची पात नको.

बांधावर शेवगा आणि हादगा लावा, पुढच्या वर्षीपासून तुमचा अर्धा प्रश्न मिटेल. शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात पाव हिस्सा प्रथिनं असतात. सुबाभूळ लोक सुचवतील, तीही चांगली पण तिच्यात मिमोसिन असतं, जास्त झाली की सशाचे केस गळतात, एकूण चाऱ्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर नको. वसईकडे नातेवाईक असतील तर केळीची हिरवी पानं, रताळ्याचे वेल.

पशुवैद्य_ठाणे
कर्जतकरांच्या शेवगा-हादग्याला एक कारण आणखी आहे. गहू आणि भाताच्या कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी असतं, ही पानं ते कॅल्शियम भरून काढतात. जास्तीचं कॅल्शियम ससा लघवीतून टाकतो, म्हणून लघवी पांढरट गढूळ दिसली तर घाबरू नका.

भांडुप_नवीन
बियर कंपनीचा चोथा कोणी वापरलाय का? तबेलेवाले घेतात म्हणून विचारतो, स्वस्त पडतो.

विदर्भाचा_मुंबईकर
@भांडुप_नवीन माल चांगला आहे, कोरड्या हिशोबानं पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि तंतू पण बऱ्यापैकी. पण ओल्यात पाऊण हिस्सा पाणी, सुलभाताईंचं गणित तिथं पण लावा. आणि म्हशी तो ट्रकभर माल त्याच दिवशी संपवतात, २०-२५ सशांना तो संपत नाही आणि आपल्या हवेत दोन दिवसांत आंबतो. ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवायची सोय असेल तरच, ती पण उन्हाळ्यात.

नाना_पालघर
खुराकासोबत उन्हाळ्याचं पण बघा. ससा थंड हवेचा प्राणी. सशांवरही काम करणाऱ्या केंद्रीय मेंढी आणि लोकर संशोधन संस्थेचं मुख्य केंद्र राजस्थानात अविकानगरला आहे पण दक्षिणेचं केंद्र त्यांनी कोडाईकनालच्या वर मन्नवनूरला ठेवलंय, तिथली हवा आणि आपली हवा यात जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याकडे ३० च्या वर पारा गेला की ससा खाणं कमी करतो, ३५ च्या आसपास नर काही काळ पैदाशीला निकामी होतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये खुराकाचा मोठा हिस्सा संध्याकाळी उशिरा द्यायचा, तसाही तो रात्रीच जास्त खातो. दुपारी समोर ठेवलेला खुराक नुसता पडून खराब होतो आणि तुमचा खर्च तिथं वाढतो.

आणि विक्रीचं आधी ठरवा. बायबॅकच्या (वाढलेले ससे परत विकत घेण्याच्या) हमीवर पैसे घेऊन ससे गळ्यात मारणारे खूप आहेत, लोकांचं फार नुकसान झालंय. खुराक कितीही स्वस्त केला तरी गिऱ्हाईक नसेल तर रोजचा खर्च चालूच राहतो.

वाडा_कोलम
सगळ्यांचे मनापासून आभार, भावानं पूर्ण धागा वाचला, वहिनींनी तर वहीत दोन रकाने आखले पण :) आता असं ठरलंय की पाव, चिपाडं, म्हशीची पेंड सगळं बंद. शेलरचा कोंडा वाड्यातल्याच मोठ्या मिलमधून, चुनी मी इथून शनिवारी नेणार, मिश्रण सुलभाताईंचं. पाला फक्त जाताना वाटेत मिळाला तर. भात कापल्यावर शेतात वाल लावतोच, त्याच्या वाळलेल्या शेंगांची टरफलं आणि वेल जाळून टाकायचो ते आता साठवणार. बांधावर शेवगा, हादगा.

शेवटचा प्रश्न, पिल्लं आईपासून तोडल्यावर त्यांना हे मिश्रण लगेच पूर्ण द्यायचं का? आणि एखादं मेलं तर कारण कसं कळणार, गावात ससा बघणारा कोणी नाही.

सुलभा_बदलापूर
वालाचं भुसकट मस्त आहे, नक्की ठेवा, पण पूर्ण कडक वाळल्यावरच बांधा.

पशुवैद्य_ठाणे
तोडायचं वय ४ ते ६ आठवडे, घाई नसेल तर पाचव्या-सहाव्यात. पिल्लं तिसऱ्या आठवड्यापासून आईच्या भांड्यातलं खायला लागतात, तेच मिश्रण तोडल्यावरही पुढे चालू ठेवा, त्या काळात खुराकात कसलाही बदल नको. जागा आणि आई एकदम बदलतेय तेवढा ताण पुरे आहे. पहिला आठवडाभर मिश्रण थोडं हात राखून, दिवसातून दोनदा विभागून, आणि वाळकं गवत भरपूर. हिरवा पाला या वयात जवळजवळ बंद, दिला तर चांगला सुकवलेला. पोट फुगलं, दात खाण्याचा आवाज आला किंवा लेंड्या बंद झाल्या तर मिश्रण काढून घ्या, गवत आणि पाणी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मेलेलं पिल्लू पुरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, आणि परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनासाठी आणा, १८८६ पासूनची संस्था आहे. निघण्याआधी तिथं विचारून घ्या. सोबत त्या आठवड्यात दिलेल्या खुराकाची मूठभर पुडी आणि वहिनींची वही दोन्ही आणा.